सेव्हिल : एक शहर, अनेक वाटा

स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसिया प्रांतात, ग्वादलकिवीर नदीच्या काठी सेव्हिल हे शहर वसले आहे. स्थानिक उच्चार 'सेविया'. युरोपच्या सहलीत या शहराच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवस येतात. पहिल्या सकाळी कॅथीड्रल, मग समोरचा आल्काझार राजवाडा, दुपारी प्लाझा दे एस्पान्या, संध्याकाळी फ्लामेंकोचा एखादा कार्यक्रम, असा ठरीव कार्यक्रम पार पडतो. तो पार पडला की पाहुण्याच्या डोक्यात एकच गोंधळ उरतो. मनोरा मशिदीचा की चर्चचा? राजवाडा ख्रिस्ती राजाचा, तर भिंतीवर अरबी अक्षरे कशी? मॅगेलन पोर्तुगीज, मग त्याची मोहीम या शहरातून कशी निघाली?

हा गोंधळ होण्याला शहराचा इतिहासच कारणीभूत आहे. रोमनांचे 'हिस्पालिस', इ. स. ७१२ पासून १२४८ पर्यंतची मुस्लिम राजवट, त्यानंतरचे कॅस्टिलचे ख्रिस्ती राज्य, सोळाव्या शतकातील अमेरिकेच्या व्यापाराचे केंद्र आणि विसाव्या शतकातील जागतिक प्रदर्शनाचे शहर, असे थर येथे एकमेकांवर चढलेले आहेत. ते एकाच फेरीत पाहायचे म्हटले तर काहीच नीट दिसत नाही. यावर स्पेनमधील जुन्या शहरांनी शोधलेला उपाय म्हणजे विषयवार पायी फेऱ्या. स्पॅनिशमध्ये त्यांना 'रुता' म्हणतात. एक विषय घ्यायचा, त्या विषयाशी जोडलेल्या जागा एका ओळीत गुंफायच्या आणि तेवढ्याच पाहत चालायचे. बाकीचे शहर त्या दिवसापुरते बाजूला ठेवायचे.

या वाटा सगळ्या एकाच पद्धतीने तयार होत नाहीत. काही वाटा शहराच्या भिंतींवरच कोरलेल्या असतात; फलक पाहत कोणीही फुकट चालू शकतो. काही एखाद्या जयंती किंवा शताब्दीच्या निमित्ताने आखल्या जातात, नकाशे छापले जातात आणि निमित्त सरले तरी वाट राहते. तिसरा प्रकार मार्गदर्शकांच्या फेऱ्यांचा. यात परवानाधारक अभ्यासकही असतात आणि फेरीअखेर मिळणाऱ्या बक्षिसीवर चालणारेही. दर्जाचा फरक मुख्यतः येथे पडतो.

ही कल्पना पर्यटन खात्यांची आहे, असे समजण्याचे मात्र कारण नाही. सेव्हिलमधील पहिली विषयवार वाट १५२१ सालची आहे. तारीफाचा पहिला मार्क्विस फाद्रिके एन्रिकेझ दे रिबेरा हा जेरुसलेमची यात्रा करून परतला. ख्रिस्ताला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताच्या वाड्यापासून क्रूसाच्या टेकडीपर्यंत जेवढे अंतर, तेवढेच अंतर आपल्या वाड्यापासून नगराच्या तटाबाहेर मोजून त्याने प्रार्थनेचा एक पदयात्रामार्ग घालून दिला. सतराव्या शतकात तो आणखी पुढे, 'क्रूझ देल काम्पो' म्हणजे शेतातल्या क्रूसापर्यंत वाढवण्यात आला. त्यावरूनच त्या वाड्याला लोक 'कासा दे पिलातोस', पिलाताचे घर, म्हणू लागले आणि आजही म्हणतात. पिलाताचा या घराशी काडीचाही संबंध नाही! एखाद्या वाटेमुळे घराचे नावच बदलावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्या क्रूसाचे नाव पुढे शहरातल्या एका प्रसिद्ध बिअरलाही मिळाले, हा भाग वेगळा.

लेखक कैद झाला ती जागा

भिंतीवरील वाटांमध्ये सर्वांत वाचनीय वाट सर्व्हान्टिसची आहे. 'डॉन किहोटे'चा हा कर्ता १६१६ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९१६ मध्ये, त्याच्या साहित्यात ज्या ज्या ठिकाणांचा उल्लेख येतो तेथे सेव्हिलने रंगीत चिनी मातीचे फलक बसवले. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्यांतील बरेच फलक जागेवर आहेत. एखाद्या कपड्यांच्या दुकानावर, एखाद्या घराच्या कोपऱ्यावर नजर वर केली तर ते दिसतात. लेखक येथे जन्मला, येथे राहिला, असे फलक जगभर असतात. त्याच्या कथेतील पात्रे येथे भेटली, असे सांगणारे फलक विरळाच.

सर्व्हान्टिस सेव्हिलला आला तो लेखक म्हणून नव्हे. १५८७ मध्ये स्पेनच्या आरमारासाठी गहू आणि तेल गोळा करणारा सरकारी कारकून म्हणून तो आंदालुसियात फिरू लागला. शेतकऱ्यांच्या कोठारातून धान्य उचलणारा माणूस लोकप्रिय असण्याची शक्यता नव्हतीच. पुढे त्याच्याकडे करवसुलीचे काम आले. वसूल केलेली रक्कम त्याने सेव्हिलमधील एका सावकाराकडे ठेवली, सावकाराचे दिवाळे निघाले, हिशेब जुळेना आणि १५९७ मध्ये सर्व्हान्टिसची रवानगी शाही तुरुंगात झाली. हा तुरुंग सिएर्पेस नावाच्या, आज खरेदीसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्याच्या तोंडाशी होता. इमारत नाहीशी झाली. फलक आणि जवळच लेखकाचा अर्धपुतळा आहे. 'डॉन किहोटे'ची कल्पना एका तुरुंगात सुचली, असे खुद्द लेखकाने प्रस्तावनेत सुचवले आहे. तो तुरुंग हाच, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

याच मुक्कामाचे दुसरे फळ म्हणजे 'रिंकोनेते आणि कोर्तादियो' ही त्याची कथा. १६१३ च्या कथासंग्रहात ती आली. दोन पोरसवदा भामटे सेव्हिलमध्ये येतात आणि त्यांना कळते, की येथे चोरी करायची तर आधी चोरांच्या संघटनेत नाव नोंदवावे लागते. संघटनेला म्होरक्या आहे, वाटणीचे नियम आहेत आणि चोरांची देवभक्तीही नियमित आहे. अमेरिकेतील सोन्या-चांदीने फुगलेल्या शहराचे इतके नेमके चित्र कोणत्याही दस्तऐवजात मिळणार नाही. ही कथा वाचून मग त्या फलकांच्या मागे चालावे. न वाचता चाललेल्यास ते फलक म्हणजे केवळ जुन्या फरशा वाटतील.

जे नाही, त्याची वाट

चित्रकार बार्तोलोमे एस्तेबान मुरियो हा खऱ्या अर्थाने सेव्हिलचा माणूस. १ जानेवारी १६१८ रोजी त्याचा बाप्तिस्मा येथे झाला आणि १६८२ मध्ये मृत्यूही येथेच. त्याच्या जन्माच्या चारशेव्या वर्षाचे निमित्त साधून २०१७ व २०१८ मध्ये शहराने मोठा महोत्सव केला आणि 'मुरियोची वाट' नव्याने लोकांपुढे आली. मात्र तिच्यावर चालू लागताच एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ज्या माग्दालेना चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, ते चर्च नाही. तेथे चौक आहे. ज्या सांता क्रूझ चर्चमध्ये त्याला पुरले, तेही नाही. तेथेही चौक आहे आणि मध्यभागी सतराव्या शतकातील एक देखणा लोखंडी क्रूस उभा आहे. चित्रकाराची कबर त्या चौकाखाली कुठेतरी हरवली आहे.

दोन्ही चर्च पाडली ती १८१० मध्ये शहर ताब्यात घेतलेल्या नेपोलियनच्या फ्रेंच राजवटीने. पाडापाडीबरोबर लूटही झाली. फ्रेंच सेनापती मार्शल सूल याला मुरियोची चित्रे विशेष आवडत. 'सांता कारिदाद' या धर्मादाय रुग्णालयाच्या चर्चसाठी मुरियोने दयेची कृत्ये दाखवणारी चित्रांची एक मालिका केली होती. त्यांपैकी चार चित्रे सूलने उचलली. ती परत आली नाहीत. आज एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत, दुसरे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमध्ये, तिसरे वॉशिंग्टनमध्ये आणि चौथे कॅनडात ओटावा येथे आहे. रुग्णालयाच्या चर्चमध्ये त्या जागी अलीकडच्या काळात प्रतिकृती लावण्यात आल्या आहेत.

प्रतिकृती पाहायला कशाला जायचे, असा प्रश्न कोणी करील. पण ही चित्रे सुटी पाहण्यासाठी काढलेलीच नव्हती. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, रुग्णाची शुश्रूषा, बंदिवानाची सुटका अशी कृत्ये ती एकामागून एक सांगतात. मृतांना मूठमाती हे शेवटचे कृत्य. त्यासाठी वेदीवर शिल्प आहे. बेवारस प्रेतांना मूठमाती देणे हे तर या संस्थेचे मूळ कामच. १६४९ च्या प्लेगमध्ये सेव्हिलची जवळजवळ निम्मी लोकसंख्या, सुमारे साठ हजार माणसे, दगावल्याचे मानले जाते. ती साथ मुरियोने पाहिली होती. प्रवेशद्वाराशी वाल्देस लेआल या दुसऱ्या चित्रकाराची दोन चित्रे आहेत. एकात मेणबत्ती विझवणारा सांगाडा, दुसऱ्यात कुजत पडलेला धर्मगुरू. ती ओलांडून आत मुरियोपाशी यावे. लंडनच्या गॅलरीत अस्सल चित्र आहे खरे, पण दारातला हा सांगाडा तेथे नाही.

अठरा माणसे, हातात मेणबत्त्या

स्पेनला अमेरिकेची वाट सापडल्यावर त्या व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी १५०३ मध्ये सेव्हिलमध्ये 'कासा दे कोन्त्रातासिओन' हे सरकारी व्यापारगृह निघाले. जहाज, माल, नकाशा, नाविकाचा परवाना, सगळे येथूनच. समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटर दूर असलेले नदीकाठचे शहर दोन शतके साऱ्या साम्राज्याचे बंदर झाले. १७१७ मध्ये हे कार्यालय कादिझला हलले आणि वैभवही त्यासोबत गेले. 

या काळाची वाट कॅथीड्रलच्या पायऱ्यांपासून सुरू करावी. व्यापारी येथेच सौदे करत. पाऊस आला की जनावरांसह आत शिरत. चर्चच्या हद्दीभोवती साखळदंडांनी जोडलेले खांब दिसतात. त्यांच्या आत राजाच्या शिपायाचा अधिकार चालत नसे. अखेर व्यापाऱ्यांसाठी वेगळी इमारत झाली आणि १७८५ मध्ये तिच्यात साम्राज्याची कागदपत्रे आणून ठेवली. 'आर्काइव्ह ऑफ द इंडीज' ते हेच. नावातले 'इंडीज' म्हणजे हिंदुस्थान नव्हे, तर अमेरिका व फिलिपिन्स. कोलंबसाची चूक नावापुरती अजून टिकून आहे.

तेथून नदीकडे गेले की बाराकोनी 'सोन्याचा मनोरा' लागतो. १० ऑगस्ट १५१९ रोजी मॅगेलनची पाच जहाजे याच शहरातून निघाली. मॅगेलन पोर्तुगीज, १५०५ मध्ये आल्मेइदाच्या ताफ्यातून तो भारतात आला होता आणि पूर्वेकडील मसाल्याचा व्यापार त्याने जवळून पाहिला होता. पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यावर त्याने पश्चिमेकडून त्याच मसाल्याच्या बेटांवर पोहोचण्याची योजना स्पेनपुढे मांडली. तो स्वतः फिलिपिन्समध्ये मारला गेला. निघताना सुमारे २४० माणसे होती. ८ सप्टेंबर १५२२ रोजी 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज एल्कानोच्या हाताखाली परतले, त्यात अठरा युरोपीय नाविक होते. सोबत मोलुक्का बेटांवरील काही माणसेही होती. पृथ्वीप्रदक्षिणेच्या वर्णनांत त्यांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. जहाजात लवंग होती. चार जहाजे गमावूनही मोहिमेचा खर्च त्या लवंगेने भरून काढला.

दुसऱ्या दिवशी ती अठरा माणसे अनवाणी, हातात मेणबत्त्या घेऊन, नवस फेडायला निघाली. प्रथम नदीपलीकडे त्रिआनातील 'विजयमाते'च्या चर्चला, नंतर कॅथीड्रलमधील 'आन्तिग्वा' मातेपुढे. ते पहिले चर्च आता नाही, परंतु त्यातील मातेची मूर्ती त्रिआनाच्या सांता आना चर्चमध्ये आहे. सांता आनापासून पूल ओलांडून कॅथीड्रलपर्यंत चालत जाणे हे आजही कोणालाही शक्य आहे. माझ्या मते सेव्हिलमधील सर्व वाटांत ही सर्वांत छोटी आणि सर्वांत मोठी वाट आहे. तिला मार्गदर्शक लागत नाही.

ऑपेराच्या वाटेविषयी थोडक्यात. मोत्झार्टचे 'फिगारो' व 'डॉन जोव्हान्नी', रोसिनीचा 'बार्बर', बिझेची 'कार्मेन', बेटहोवेनचे 'फिदेलिओ' या साऱ्यांची कथा सेव्हिलमध्ये किंवा शहरालगत घडते. गंमत अशी, की बिझेने स्पेनमध्ये पाऊलसुद्धा ठेवले नव्हते. तरीही शहराने त्याच्या नायिकेचा पुतळा बैलझुंजीच्या आखाड्यासमोर उभारला आहे. जेथे कार्मेन विड्या वळत होती तो तंबाखूचा कारखाना खरा आहे, प्रचंड आहे आणि आता तेथे सेव्हिल विद्यापीठ आहे. तेवढे पाहावे, 'हीच ती न्हाव्याची खिडकी' वगैरे ऐकवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

पांढऱ्या भिंतींमागे

आता थोडा अवघड भाग. सेव्हिलमधील सर्वाधिक छायाचित्रे निघतात ती सांता क्रूझ वस्तीची. चिंचोळ्या गल्ल्या, पांढऱ्या भिंती, संत्र्याची झाडे, कुंड्या, कारंजी. ही मध्ययुगातील ज्यूंची वस्ती. बहुसंख्य फेऱ्या तिला 'जशीच्या तशी जपलेली' म्हणतात. ते खरे नाही. गल्ल्यांची आखणी बरीच जुनी आहे, पण आज दिसणारे गोंडस रूप विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले, १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाकडे नजर ठेवून शहराने नटवलेले आहे. 

ज्यूंचे काय झाले, हे त्या कुंड्या सांगत नाहीत. एसिखाचा आर्चडीकन फेरान मार्तिनेझ अनेक वर्षे ज्यूंविरुद्ध चिथावणीखोर प्रवचने देत होता. ६ जून १३९१ रोजी जमाव वस्तीवर तुटून पडला. असंख्य मारले गेले, उरलेल्यांपैकी अनेकांनी जीव वाचवण्यासाठी धर्म बदलला आणि सिनेगॉगची चर्च झाली. सांता मारिया ला ब्लांका हे त्यांतले एक. ते उभे आहे. आगीसारखे हे लोण तेथून स्पेनच्या इतर शहरांत पसरले. १४९२ मध्ये ज्यूंना देशातून हद्दपार करण्यात आले त्याची सुरुवात एका अर्थाने याच गल्ल्यांत झाली. वस्तीच्या कडेला एका भूमिगत वाहनतळात ज्यू दफनभूमीतील एक कबर जतन केलेली आहे. मोटारींच्या रांगेत ती शोधावी लागते.

मार्गदर्शक मात्र बहुतेक वेळा सुसोना या तरुणीची कथा रंगवून सांगतात. ख्रिस्ती प्रियकरापुढे तिने वडिलांचा कट उघड केला, आणि पश्चात्तापाने आपली कवटी दारावर टांगण्यास सांगितले, अशी ती दंतकथा. त्या गल्लीत कवटीचे चित्र असलेली फरशी आहे. दंतकथेस हरकत नाही. मात्र ज्या फेरीत सुसोना आहे आणि १३९१ नाही, ती फेरी टाळावी, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. मार्गदर्शक निवडताना विचारण्याचा हा सोपा प्रश्न आहे.

नदीपलीकडील त्रिआनाची गोष्टही अशीच दुपदरी. पुलाच्या टोकाशी भाजीबाजार आहे आणि बाजाराखाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष. १४८१ पासून तीन शतके धर्मन्यायसभेचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, ठाणे येथे होते. २००९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. वर मासळी आणि डाळिंबे, खाली चौकशीच्या कोठड्या. पुढच्या गल्ल्यांत चिनी मातीची जुनी दुकाने आणि फ्लामेंकोच्या आठवणी.

त्रिआनाच्या फ्लामेंकोत हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाचा मोठा वाटा आहे. हा समाज मुळात भारतातून पश्चिमेकडे गेला, हे त्यांच्या भाषेवरूनच उलगडले. त्यांच्या 'कालो' बोलीत पाण्याला 'पान्यी' आणि माणसाला 'मानूस' म्हणतात; मराठी वाचकाला याचे भाषांतर करून देण्याची गरज नाही. परंतु आज त्रिआनात ही कुटुंबे शोधू गेल्यास फारशी सापडत नाहीत. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांची सामायिक अंगणांची घरे रिकामी करवून त्यांना शहराच्या दक्षिण टोकाच्या वसाहतींत हलवण्यात आले. जुन्या घरांच्या जागी महागडे फ्लॅट आले. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. ती कला घडवणारी माणसे ज्या वसाहतींत राहतात, तिकडे मात्र पर्यटकांची वाट वळत नाही.

हाच प्रश्न आता संपूर्ण जुन्या शहराला भेडसावू लागला आहे. घरांची पर्यटकांसाठीची निवासस्थाने होत आहेत आणि भाडे न परवडणारे रहिवासी बाहेर पडत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेव्हिलच्या महापौरांनी प्लाझा दे एस्पान्यात येणाऱ्या परगावच्या पर्यटकांकडून शुल्क घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यावर देशभर वाद झाला. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या या अर्धवर्तुळाकार चौकात स्पेनच्या ४८ प्रांतांचे रंगीत फरशांचे कोनाडे आहेत. 'स्टार वॉर्स'च्या २००२ मधील भागात तो झळकला होता, तेव्हापासून सिनेमाच्या वाटेवरील गर्दीही तेथेच लोटते. शुल्क लावावे की नाही, हा त्या शहराचा प्रश्न. पण विषयवार वाटांचा एक उपयोग येथे आहे. त्या माणसांना दोन-तीन ठिकाणी साचू न देता शहरभर विखुरतात. माकारेना भागातील बाराव्या शतकातील तटाची भिंत, ललितकला संग्रहालय, कासा दे पिलातोस येथे कॅथीड्रलच्या तुलनेत शांतता असते.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. माद्रिदहून सेव्हिलला १९९२ पासून वेगवान रेल्वे आहे. सुमारे अडीच तास लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान चाळीस अंशांवर जाते. २०२२ मध्ये सेव्हिलने उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावे देण्यास सुरुवात केली, पहिलीचे नाव 'झोए', यावरून कल्पना यावी. उन्हाळ्यात सिएर्पेससारख्या रस्त्यांवर घरांच्या गच्च्यांमधून पडदे ताणतात, तरी चालणे सकाळी अकरापूर्वी किंवा सूर्यास्तानंतरच करावे. दुपारी शहर झोपते, आपणही झोपावे. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात, मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात. ती मिरवणूक पाहायची असेल तरच तेव्हा जावे. आल्काझारचे तिकीट आधीच काढून ठेवावे. मुरियोची वाट सोमवारी चालू नये, कारण ललितकला संग्रहालय त्या दिवशी बंद असते. हिराल्दा मनोऱ्यावर मात्र गुडघे दुखणाऱ्यांनीही चढायला हरकत नाही. बाराव्या शतकात बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून आत पायऱ्यांऐवजी उतरणी बांधल्या. पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी, ख्रिस्ती काळात चढवलेल्या घंटाघराजवळ.